थंडीला आकडा देणारा माणूस : पॉल सायपल

मेसमधून आणलेला गरम चहा पंख्याखाली ठेवला की पटकन निवतो, हे काही कुणाला सांगायला नको. पण एक सांगा, पंख्याचा वारा खोलीतल्या हवेपेक्षा थंड असतो का? मुळीच नाही! हवा तीच, तापमान तेच. फरक एवढाच की हवा हलायला लागली. आता चहाच्या कपाच्या जागी माणसाचा उघडा चेहरा ठेवा, आणि हॉस्टेलच्या खोलीच्या जागी उणे चाळीस अंशांचं बर्फाचं मैदान. तिथे वारा सुटला तर चेहरा किती लवकर निवेल? नाक गोठायला किती वेळ लागेल? हा प्रश्न गमतीचा राहत नाही, बोटं वाचणार की जाणार याचा होतो.

या प्रश्नाला पहिल्यांदा नाव दिलं आणि पुढे त्याचं सूत्रही मांडलं ते पॉल सायपल या अमेरिकन माणसाने. 'विंड चिल' हा शब्द त्याचाच. मोबाइलवर हवामान बघताना तापमानाखाली 'असं वाटतंय' म्हणून जो दुसरा आकडा येतो, थंड प्रदेशात त्याच्या मुळाशी हीच कल्पना असते.

मी कॉन्व्हेंटची विद्यार्थिनी, त्यामुळे 'विंड चिल'ला मराठीत काय म्हणायचं असा प्रश्न मला पडलाच. आज्जीला विचारलं. तिने शब्द दिला नाही, क्रियापदं दिली. वारा झोंबतो, वारा बोचतो, वारा अंगातून जातो. विचार केला तर सायपलने आयुष्यभर याच क्रियापदांचं गणित केलं. किती झोंबतो? किती बोचतो? म्हणून या लेखात मी 'विंड चिल' हाच शब्द ठेवणार आहे, आज्जीची माफी मागून.

पॉल सायपलचा जन्म १८ डिसेंबर १९०८ चा, ओहायो राज्यातल्या माँटपेलिअर या छोट्या गावी. वाढला मात्र पेनसिल्व्हेनियातल्या ईरी शहरात. हे शहर ईरी नावाच्याच प्रचंड सरोवराच्या काठावर आहे आणि हिवाळ्यात सरोवरावरून येणारे वारे तिथे भरपूर बर्फ आणून टाकतात. म्हणजे वाऱ्याची ओळख लहानपणापासूनची! हा मुलगा स्काउटमध्ये होता, आणि नावापुरता नव्हे. स्काउटमध्ये वेगवेगळी कौशल्यं शिकून बॅज मिळवायचे असतात, त्याने असे साठ मिळवले होते. (आपल्याकडे एनएसएसच्या सर्टिफिकेटसाठी शेवटच्या आठवड्यात जी धावपळ चालते ती आठवा.)

१९२८ साली रिचर्ड बर्ड हा त्या काळचा गाजलेला अमेरिकन वैमानिक अंटार्क्टिकावर मोहीम नेणार होता. त्याने ठरवलं की एका बॉय स्काउटला बरोबर न्यायचं. देशभर निवड सुरू झाली. लाखो स्काउट्समधून चाळत चाळत शेवटी सहा जण उरले, आणि त्यातून निवड झाली ती एकोणीस वर्षांच्या पॉलची. रातोरात तो देशभर प्रसिद्ध झाला. खरं तर इथे गोष्ट संपू शकली असती. वर्तमानपत्रांना एक हसरा, धडधाकट पोरगा फोटोसाठी मिळाला, मोहिमेला प्रसिद्धी मिळाली, परत आल्यावर सत्कार, की झालं. पण तसं झालं नाही. जहाजावर आणि बर्फावर त्याला पडेल ते काम करावं लागलं. कुत्र्यांच्या गाड्या हाकल्या, संग्रहालयासाठी सील आणि पेंग्विन यांचे नमुने गोळा केले. 'लिटल अमेरिका' या तळावर बेचाळीस माणसांनी १९२९ चा हिवाळा काढला, त्यात हा सगळ्यांत लहान. सूर्य महिनोन्महिने उगवत नाही, बाहेर वादळ, आणि वय वर्षं वीस. म्हणजे नेमकं माझं आत्ताचं वय. मला इथे डिसेंबरात सकाळी आठच्या लेक्चरला जायचं जिवावर येतं!

परत आल्यावर त्याने १९३१ साली 'अ बॉय स्काउट विथ बर्ड' हे पुस्तक लिहिलं आणि १९३२ साली अलेगनी कॉलेजातून पदवी घेतली. पुढच्याच वर्षी बर्डची दुसरी मोहीम निघाली. या वेळी सायपल मुख्य जीवशास्त्रज्ञ म्हणून गेला. आता कुणी त्याला 'तो स्काउट' म्हणून नेलं नव्हतं, हा फरक महत्त्वाचा. याच मोहिमेत १९३४ च्या हिवाळ्यात बर्ड स्वतः तळापासून दूर एका झोपडीत एकटा राहिला आणि स्टोव्हच्या व जनरेटरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडने मरता मरता वाचला. सायपल तेव्हा मुख्य तळावर होता. अंटार्क्टिकावर माणसाला मारणाऱ्या गोष्टी बहुतेक वेळा दिसत नाहीत. वायू दिसत नाही, आणि वाराही दिसत नाही.

दोन हिवाळे तिथे काढल्यावर सायपलच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली असावी, कारण त्याचा सगळा पुढचा अभ्यास तिच्याभोवती फिरतो. ती म्हणजे थर्मामीटर खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो. वारा पडलेला असताना उणे चाळीसमध्ये माणूस नीट कपडे घालून काम करू शकतो. आणि उणे पंधरामध्ये जोराचा वारा असेल तर चेहऱ्यावर पांढरे डाग पडायला लागतात, म्हणजे कातडी गोठू लागते. मग बाहेर जायचं की नाही हे नुसतं तापमान बघून कसं ठरवणार?

कारण आपण थर्मलच्या पहिल्याच युनिटमध्ये शिकतो ते. शरीराच्या लगत गरम हवेचा एक पातळ थर असतो, जणू फुकटचं पांघरूण. हवा उष्णतेची वाहक म्हणून फार वाईट, म्हणून हा थर आपल्याला वाचवतो. वारा आला की तो हे पांघरूण ओढून नेतो. नवीन थर तयार व्हायच्या आत तोही नेतो. वारा जितका जोराचा, तितकं पांघरूण पातळ. हे सगळं आपल्या पुस्तकात 'फोर्स्ड कन्व्हेक्शन' नावाने येतं आणि परीक्षेत सात मार्कांना पडतं. सायपलला मात्र ते नाकावर आणि बोटांवर आलं होतं.

त्याने १९३९ साली क्लार्क विद्यापीठातून भूगोलात डॉक्टरेट मिळवली. विषय होता, अंटार्क्टिकाच्या हवामानाशी तिथे जाणारा संशोधक कसा जुळवून घेतो. 'विंड चिल' ही कल्पना त्याने या प्रबंधात मांडली. मधल्या काळात, १९३६ मध्ये, रूथ नावाच्या मुलीशी त्याचं लग्न झालं होतं. पुढे त्यांना तीन मुली झाल्या. या चौघींच्या वाट्याला सायपल किती आला असेल हा प्रश्न मला लेख लिहिताना सारखा पडत होता, कारण डॉक्टरेट हातात पडली न पडली तोच हा गडी तिसऱ्यांदा अंटार्क्टिकाला निघाला.

१९३९ ते १९४१ ची ही मोहीम अमेरिकन सरकारच्या खर्चाने होती. सायपल पश्चिम तळाचा प्रमुख होता. या तळावर एक अजब यंत्र आणलेलं होतं, त्याबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, मेकॅनिकलवाल्यांनी तर जरूर वाचावं. 'स्नो क्रूझर' नावाची अवाढव्य गाडी. लांबी सुमारे सतरा मीटर, वजन तीस टनांच्या वर, टायरचा व्यास दहा फूट! आत राहायची सोय, प्रयोगशाळा, छतावर विमान. कागदावर ड्रॉइंग बघितलं तर वेड लागेल. आणि बर्फावर उतरवल्यावर? टायर गुळगुळीत. जागच्या जागी फिरायला लागले. शेवटी लक्षात आलं की ती उलटी, म्हणजे रिव्हर्स गिअरमध्ये, जरा बरी चालते. तिचा सगळ्यांत मोठा प्रवास दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर, तोही सगळा उलटा! नंतर माणसं तिचा उपयोग राहायच्या खोलीसारखा करू लागली आणि जाताना ती तिथेच सोडून आली.

त्याच तळावर सायपल आणि चार्ल्स पॅसेल नावाचा तरुण भूगर्भशास्त्रज्ञ यांनी १९४० च्या हिवाळ्यात दुसरा एक प्रयोग केला. त्याचं साहित्य लिहून घ्या. एक प्लॅस्टिकची नळकांड्यासारखी बाटली, साधारण सहा इंच लांब. तिच्यात २५० ग्रॅम पाणी. पाण्यात तापमान मोजणारी एक तार. आणि वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र. बाटली तळाच्या इमारतीच्या छतावर उघड्या वाऱ्यात टांगायची आणि पाणी पूर्ण गोठायला किती वेळ लागतो ते बघायचं. बस्स!

यातली हुशारी कुठे आहे ते बघा. पाणी गोठत असताना त्याचं तापमान शून्यावर थांबून राहतं. सगळं पाणी बर्फ होईपर्यंत ते खाली उतरत नाही. म्हणजे आलेखात एक सपाट पट्टी मिळते, आणि तिची सुरुवात व शेवट स्पष्ट दिसतात. एक ग्रॅम पाणी गोठताना सुमारे ८० कॅलरी बाहेर टाकतं, हे आपल्याला दहावीपासून माहीत आहे. २५० ग्रॅम म्हणजे २०,००० कॅलरी, अर्थात २० किलोकॅलरी. ही उष्णता किती वेळात गेली ते घड्याळ सांगतं. बाटलीचं क्षेत्रफळ माहीत आहे. भागाकार केला की एका चौरस मीटरमधून तासाला किती उष्णता जाते ते हातात! बाटली बंद असल्यामुळे बाष्पीभवनाची भानगड नाही, फक्त कोरडं थंड होणं. (पंख्याखालच्या चहात मात्र बाष्पीभवनही असतं, म्हणून तो आणखी लवकर निवतो. व्हायवाला कुणी विचारलं तर लक्षात ठेवा.)

वेगवेगळ्या तापमानांत, वेगवेगळ्या वाऱ्यांत त्यांनी हा प्रयोग पुन्हा पुन्हा केला. लिहायला सोपं आहे. पण प्रत्येक रीडिंगसाठी अंटार्क्टिकाच्या रात्रीत कुणाला तरी बाहेर जावं लागत होतं. आपण प्रॅक्टिकलची रीडिंग्ज कशी 'मिळवतो' ते इथे लिहीत नाही, सर हा अंक वाचतात.

सगळे बिंदू आलेखावर मांडून त्यांतून एक वक्र काढला, आणि सूत्र मिळालं :

उ = (१०√वे + १०.४५ − वे) × (३३ − ता)

यात 'वे' म्हणजे वाऱ्याचा वेग, मीटर प्रति सेकंदात. 'ता' म्हणजे हवेचं तापमान, सेल्सिअसमध्ये. आणि 'उ' म्हणजे दर चौरस मीटरमधून तासाला जाणारी उष्णता, किलोकॅलरीत. ३३ कुठून आले? ते माणसाच्या कातडीचं सर्वसाधारण तापमान. करून बघूया. हवा उणे १० अंश, वारा सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. १० चं वर्गमूळ ३.१६२, म्हणून पहिला कंस ३१.६२ + १०.४५ − १० = ३२.०७. दुसरा कंस ३३ − (−१०) = ४३. गुणाकार सुमारे १३७९. सायपल आणि पॅसेल यांनी माणसांच्या चेहऱ्यांवर काय होतं तेही नोंदवलं होतं, आणि त्यांच्या मते हा आकडा १४०० च्या आसपास पोचला की उघडी कातडी गोठू लागते. म्हणजे आपल्या उदाहरणातला माणूस अगदी काठावर उभा आहे.

तोपर्यंत जगात महायुद्ध पेटलं होतं. मोहीम १९४१ च्या सुरुवातीला आवरती घ्यावी लागली आणि सायपलचं ज्ञान अचानक फार मोलाचं झालं. सैन्याला कपडे आणि सामान पुरवणाऱ्या खात्यात त्याने काम केलं. कुठल्या प्रदेशात कुठल्या महिन्यात सैनिकाला काय घालायला द्यायचं, हे हवामानावरून ठरवायचं काम. ऐकायला किरकोळ वाटतं. पण १९४३ च्या मे महिन्यात अलास्काजवळच्या अट्टू बेटावर अमेरिकन सैन्य उतरलं तेव्हा त्यांच्याकडे तिथल्या ओल्या थंडीला पुरतील असे बूट नव्हते. शत्रूच्या गोळीशिवाय, नुसत्या थंडीने आणि ओलीने हजाराहून अधिक सैनिक जायबंदी झाले. पाय सुजले, काळे पडले, काहींचे कापावे लागले. कुठल्याशा कार्यालयात बसून चुकीचे बूट कुणीतरी ठरवले होते. हे वाचल्यावर मला ती २५० ग्रॅम पाण्याची बाटली वेगळी दिसायला लागली.

बाटलीचा तो शोधनिबंध १९४५ साली अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. पुढे लोकांना किलोकॅलरीचे आकडे कळेनात, म्हणून १९६० च्या दशकात दुसऱ्यांनी त्यांचं तापमानात रूपांतर केलं. म्हणजे असं की, एवढीच उष्णता जवळजवळ वारा नसताना जायला हवी असेल तर तापमान किती लागेल? आपल्या उदाहरणातले १३७९ या पद्धतीने उणे ३० अंश होतात. १९७० च्या दशकात हे आकडे अमेरिकेत सर्रास हवामानाच्या बातम्यांत आले आणि घराघरांत पोचले.

पण सायपलची गोष्ट अजून राहिली आहे, आणि त्यातला माझा सगळ्यांत आवडता भाग आता येतो.

१९५७–५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष म्हणून ठरलं होतं. जगभरच्या शास्त्रज्ञांनी मिळून पृथ्वीचा अभ्यास करायचा, आणि अमेरिकेने थेट दक्षिण ध्रुवावर तळ उभारायचा. तोपर्यंत ध्रुवावर कुणी हिवाळा काढलेला नव्हता. तिथे माणूस जगतो का हेच माहीत नव्हतं. उंची २८०० मीटर, हवा विरळ, आणि एकदा फेब्रुवारीत शेवटचं विमान गेलं की ऑक्टोबरपर्यंत कुणी येऊ शकत नाही. आजारी पडा, भांडा, वेड लागू दे, तिथेच. अठरा माणसं निवडली गेली. वैज्ञानिकांचा प्रमुख पॉल सायपल, वय ४८. नौदलाच्या माणसांचा प्रमुख जॅक टक नावाचा, वयाने जवळजवळ निम्मा असलेला लेफ्टनंट. शिवाय टकचा 'ब्राव्हो' नावाचा कुत्रा, म्हणजे एकोणिसावा. 'टाइम' साप्ताहिकाने ३१ डिसेंबर १९५६ च्या अंकावर सायपलचं चित्र छापलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा तो स्काउट आता जाड, चष्मेवाला, तीन मुलींचा बाप झाला होता.

सामान विमानातून पॅराशूटने टाकलं गेलं. इमारती बोगद्यांनी जोडल्या. पिण्याच्या पाण्यासाठी बर्फ खणायचा होता, तर त्याची चक्क खाणच केली, तिरकी खोल खाली जाणारी. एका दगडात दोन पक्षी, कारण जितकं खोल जाल तितका जुना बर्फ, तो शास्त्रज्ञांना अभ्यासाला. आपल्या हॉस्टेलची पाण्याची टाकी रिकामी झाली की जो गोंधळ होतो तो बघता मला वाटतं या अठरा जणांकडून शिकण्यासारखं बरंच आहे!

११ मार्च १९५७ ला बोस्टनमध्ये रिचर्ड बर्ड गेला. ज्याने एकोणिसाव्या वर्षी हात धरून या खंडावर आणलं, तो गुरू गेला, आणि शिष्य त्याच खंडाच्या मध्यबिंदूवर अडकलेला. जायचा प्रश्नच नव्हता. दहा-बारा दिवसांतच ध्रुवावरचा सूर्य मावळला, तो सहा महिन्यांसाठी. कुणाच्या घरी कुणी गेलं आणि परीक्षेमुळे जाता आलं नाही असं आपल्याकडेही कधी कधी होतं. सायपलच्या मनात काय चाललं असेल याचा अंदाज करायला मी बसणार नाही. एवढं खरं की काम चालू राहिलं. हवामानाच्या नोंदी एक दिवसही थांबल्या नाहीत.

सूर्य परत यायच्या बेतात असताना, १८ सप्टेंबर १९५७ ला, पारा उणे ७४.५ अंशांवर उतरला. तोपर्यंत पृथ्वीवर कुठेही नोंदवलेलं हे सगळ्यांत कमी तापमान होतं. (हा विक्रम लवकरच मोडला. सध्याचा विक्रम रशियाच्या व्होस्तोक तळाचा आहे, २१ जुलै १९८३ चा, उणे ८९.२.) कुतूहल म्हणून मी उणे ७४.५ ला ताशी २० किलोमीटर वारा धरून आजच्या सूत्रात टाकून बघितलं, उत्तर आलं उणे ९९. अर्थात छापील तक्ते साधारण उणे ५० पर्यंतच असतात, त्यामुळे ही नुसती कॅल्क्युलेटरची गंमत समजा. मात्र त्या अठरा जणांना ती गंमत नव्हती. अठराही जण जिवंत परत आले. कुणाचाही बळी गेला नाही.

नंतरचं थोडक्यात. १९६३ पासून सायपल ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये अमेरिकेचा वैज्ञानिक प्रतिनिधी होता. १९६६ साली त्याला पक्षाघाताचा झटका आला, मायदेशी परतावं लागलं. तरी तो कामावर जात राहिला आणि २५ नोव्हेंबर १९६८ रोजी, साठ पूर्ण व्हायला महिनाही उरलेला नसताना, कामाच्या ठिकाणीच वारला. अंटार्क्टिकावर त्याच्या नावाचं बेट आहे, त्यावर त्याच्याच नावाचा ३१०० मीटर उंचीचा ज्वालामुखी आहे, आणि एक लांबलचक किनाराही आहे.

आता सूत्राकडे परत, कारण त्याची गोष्ट माणसापेक्षा लांबली.

चौकस वाचकांनी एव्हाना एक खोड काढली असेल. कंसात 'वे' वजा का केलाय? वारा वाढला तर थंडी वाढायला हवी ना? बरोबर! 'वे' ला २५ ठेवा, कंस येतो ३५.४५, हे त्याचं कमाल मूल्य. त्यापुढे वारा जितका वाढवाल तितका कंस कमी होतो. आणि 'वे' ला १०० ठेवा, येतात १०.४५, म्हणजे अजिबात वारा नसताना जेवढे तेवढेच! सेकंदाला १०० मीटरचं भयंकर चक्रीवादळ आणि शांत हवा, दोन्ही सारखी! कारण उघड आहे. बाटलीच्या प्रयोगात वारा २५ पर्यंत पोचलाच नव्हता. जेवढं मोजलं तेवढ्याला वक्र बसवला, त्याच्या बाहेर सूत्राला काही कळत नाही. लॅबच्या जर्नलमध्ये ट्रेंडलाइन ओढताना आपणही तेच करतो.

दुसरी अडचण मोठी. सूत्रात कातडी कायम ३३ अंशांवर धरली आहे. पण थंड वाऱ्यात कातडी थंड होते, आणि ती थंड झाली की हवेतला आणि तिच्यातला फरक कमी होऊन उष्णता जायचा वेगही कमी होतो. शिवाय प्लॅस्टिकच्या भिंतीचा रोध हिशेबात नव्हता, आणि वारा मोजतात दहा मीटर उंचीच्या खांबावर, आपला चेहरा असतो दीड मीटरवर, जिथे वारा कमी असतो. या सगळ्यामुळे जुनं सूत्र थंडी वाढवून सांगत होतं.

२००१ साली अमेरिका आणि कॅनडाने मिळून नवीन सूत्र आणलं. कॅनडाचे रँडल ऑसचेव्हस्की आणि अमेरिकेतले मॉरिस ब्लूस्टीन यांच्या कामावर ते उभं आहे. तपासायला टोरांटोच्या थंड विंड टनेलमध्ये बारा स्वयंसेवकांना चेहऱ्यावर सेन्सर लावून ट्रेडमिलवर चालवलं. नवीन सूत्र असं :

जाणवणारं तापमान = १३.१२ + ०.६२१५ ता − ११.३७ घ + ०.३९६५ ता × घ

इथे 'घ' म्हणजे ताशी किलोमीटरमधल्या वेगाचा ०.१६ वा घात. आपल्या उदाहरणात वेग ३६, म्हणून घ = १.७७४. सगळं टाकलं की उत्तर येतं उणे २०. जुनं सांगत होतं उणे ३०. दहा अंशांचा फरक!

मग सायपल चुकला का? वर्गात यावर आमचा बराच वाद झाला. माझं मत सांगते. जुनं सूत्र चुकलं ते सुरक्षित बाजूला चुकलं. ज्याने त्यावर विश्वास ठेवला त्याने एक टोपी जास्त घातली, अर्धा तास कमी बाहेर थांबला. आपण बीमला फॅक्टर ऑफ सेफ्टी देतो तसंच काहीसं, फरक इतकाच की तो मुद्दाम दिलेला नव्हता. पण दुसरी बाजूही आहे. उणे ६०, उणे ७० असे आकडे रोज ऐकून आणि तरी काही न होता घरी येऊन लोक आकड्यांनाच हसायला लागले तर ज्या दिवशी खरा धोका असेल त्या दिवशी कोण ऐकणार? म्हणून दुरुस्ती हवीच होती. आणि दुरुस्त करणाऱ्यांनीही सायपलचा शब्द बदलला नाही, प्रश्नही बदलला नाही. फक्त बाटलीच्या जागी माणसाचा चेहरा आणला.

आता थोडं आपल्याबद्दल. हे सूत्र तापमान १० अंश किंवा कमी आणि वारा ताशी पाच किलोमीटरच्या आसपास किंवा जास्त असेल तरच वापरायचं. म्हणजे मुंबईवाल्यांनी विसरून जावं. पण नाशिक, निफाड, पुण्याच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली येतोच. सकाळी ८ अंश असताना बाइकवरून साठच्या स्पीडने निघालात, तर वारा तुम्ही स्वतःच तयार केलेला असतो. घ = १.९२५, उत्तर येतं २ अंशांच्या जरा वर. फ्रिजमध्ये तोंड घालून कॉलेजला येण्यासारखं! ग्लोव्हज का घालायचे ते कळलं ना?

आणि एक शेवटचं, कारण ही चूक फार लोक करतात. हा आकडा उबदार कातडीसाठी आहे, बाइकसाठी नाही. वारा कोरड्या वस्तूला लवकर थंड करतो, पण हवेपेक्षा थंड करू शकत नाही. विंड चिल उणे पाच आहे आणि हवा दोन अंशांवर आहे, तर गॅलरीत ठेवलेली पाण्याची बंद बाटली कितीही वारा सुटला तरी त्यामुळे गोठणार नाही. ती दोन अंशांपर्यंत येईल आणि तिथेच थांबेल. सायपलची बाटली गोठत होती, कारण बाहेरची हवाच शून्याच्या खाली होती.